कुत्र्यांना अहो म्हणणाऱ्या बाई

बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती विरजण मागायला. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. माझ्या नवऱ्याची बदली आदिलाबादला कापूस खरेदीच्या कचेरीत झाली होती आणि आम्ही नुकतंच तिथं बिऱ्हाड थाटलं होतं. शेजारच्या घराचं दार उघडं होतं. मी "आहे का कोणी घरात?" असं विचारायच्या आतच आवाज आला, "अहो, सरका नं जी थोडं. पाहुने आले दिसते. दारात बसू नका म्हनून कितीक डाव सांगाव तुमाले?"

दारात यजमान बसलेले असणार, म्हणून मी पदर सावरला आणि मान खाली घालून उभी राहिले. यजमान उठले, त्यांनी अंग झाडलं, आणि चार पायांवर चालत माझ्याकडे आले. मला लहानपणी कुत्रं चावलेलं, पोटात इंजेक्शनं घेतलेली. मी वाटी तिथंच टाकून जी धूम ठोकली ती आमच्या मोरीत जाऊन थांबले. साखळी संपली म्हणून ते जनावर दारातच अडकलं, हे मला नंतर कळलं. थोड्या वेळानं बाई स्वतः वाटीत विरजण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मोतीराव म्हनतात त्यायले. नवे आहेत गावात, तुमच्यासारखेच. घाबरून राह्यले."

मोतीराव काळेकुट्ट होते. मोती हे नाव बाईंच्या भावानं ठेवलेलं, आणि राव बाईंनी लावलेलं. कुत्र्याला अहो-जाहो करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढं कळलं की कुत्र्यांपुरतं हे नव्हतंच. दूधवाला, मोळीवाली, रस्त्यावर गोट्या खेळणारी पोरं, सगळ्यांना बाई अहो म्हणत. मराठी शाळेत त्यांची सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर झाली, आणि तिथंही "अहो वामन, नाक पुसा," "अहो शेवंता, पाटी उलटी धरली जी तुमी," असंच चाले. पोरं म्हणे पहिले चार दिवस मागं वळून पाहत, वामन नावाचा कोणी मोठा माणूस आलाय की काय. मग हळूहळू ताठ बसायला लागत. सोबतच्या शिक्षकांनी त्यांची चेष्टा करून पाहिली, पण बाईंनी त्यांनाही अहोच म्हटलं असल्यामुळे ती फार दिवस टिकली नाही.

याचं कारण त्यांनी मला एकदा गहू निवडताना सांगितलं. भीमपूरकडच्या एका गावात त्यांचे वडील सालगडी होते. नाव सीताराम. "पन गावात सीताराम म्हनून त्यायले कोनी हाक मारल्याचं मले आठवतच नाई," बाई म्हणाल्या. "लहान लहान पोट्टे बी 'अबे सित्या' म्हनत. बाप ओ देत होता, अन् मले लाज वाटे. नोकरी लागली त्या दिवशी मी ठरवलं, आपल्या तोंडून कोनाले अबे निघाचं नाई. मानूस असो का जनावर असो." एवढं सांगून त्यांनी सुपातले खडे उचलून बाहेर फेकले आणि पुढच्या सुपाला हात घातला. त्यांच्या बैठकीत बुद्धाची तसबीर होती, खाली पितळी ताटलीत रोज ताजी फुलं असत. तिच्यासमोर बसून त्या बोलत तेव्हासुद्धा आवाज तोच, दुकानात साखर मागतानाचा.

मोतीराव गावातून आले होते ते नाइलाजानं. बाईंचा धाकटा भाऊ वारला, भावजय मुलाकडे निघून गेली, आणि शेत राखणारा हा कुत्रा एकटा पडला. बाई बैलगाडीतून त्याला घेऊन आल्या. सगळं आयुष्य कापसाच्या आणि ज्वारीच्या रानात मोकळं काढलेलं जनावर, त्याच्या गळ्याला कधी दोरी लागली नव्हती. आणि शहरात मोकळं सोडायची सोय नव्हती. त्या काळात मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त विष घातलेल्या भज्यांनी होई. भजी कोण टाकतं, कधी टाकतं, याची चौकशी कोणी करत नसे. सकाळी दूध आणायला जाताना गटाराच्या कडेला पाय ताठ झालेली कुत्री दिसत आणि लोक नाकाला रुमाल लावून पुढं जात.

म्हणून बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी गळ्यात साखळी घातली. मोतीरावांनी ती ओढून ओढून मान सोलून घेतली. मग जेवण सोडलं. बाई भाकरी दुधात कुस्करून समोर ठेवत, "घ्या नं जी दोन घास, माह्यासाठी तरी घ्या," म्हणत, आणि ते तोंड भिंतीकडे करून बसत. मी आमच्या ओट्यावरून, म्हणजे सुरक्षित अंतरावरून, हे सगळं पाहत होते. ते जनावर दिवसेंदिवस बारीक होत होतं आणि त्याच्याबरोबर बाईही. एक दिवस त्या कुंपणापाशी येऊन मला म्हणाल्या, "ताई, बांधून ठेवलं तं हे असे मरतात. सोडलं तं तसे मरतात. कोनतं करू, सांगा नं तुमी." मी म्हटलं, त्यांना गावी कोणाकडे तरी ठेवा. त्या म्हणाल्या, "गावात आता आपलं कोन हाये?"

आमच्या वस्तीमागे शहराचा बगीचा होता. मधोमध आटलेलं कारंजं, पुढं गुलाबाचे वाफे, मुलांसाठी दोन झोपाळे, आणि अगदी मागच्या बाजूला कधीकाळी रोपवाटिका होती तो पडीक तुकडा. रोपं केव्हाच वाळून गेली होती, पण तिचं तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक शाबूत होतं. बगीच्याच्या दारावर पाटी होती, मराठी, तेलुगू आणि उर्दू तिन्ही लिप्यांत: कुत्र्यांना मनाई. बाई त्या पाटीसमोर दोनतीन दिवस येताजाता थांबल्या. मग मला म्हणाल्या, "त्या मागच्या तुकड्यात कोनीच जात नाई. कुंपन हाये. फाटक हाये. दिवसातून घटकाभर कुत्र्यायले तिथं मोकळं सोडलं, तं कोनाचं काय जाते?" बगीच्यात कुत्र्यांसाठी वेगळी जागा! आज मोठ्या शहरांत असली सोय असते म्हणे. तेव्हा आदिलाबादेत हे बोलणाऱ्या माणसाला लोकांनी डॉक्टरकडे नेलं असतं.

बगीच्याचा कारभार कागदावर सरकारी होता, पण तिथलं पान हलायचं ते पाटीलकाकांच्या मर्जीनं. पाटीलकाका सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळाचे प्रमुख. बगीचा उकिरडा झाला होता तेव्हा याच माणसानं खेटे घालून पाणी आणवलं, स्वतःच्या हातानं गुलाब लावले. राखणदार पोशन्ना सरकारचा पगार खाई आणि हुकूम पाटीलकाकांचा ऐके. पाटीलकाका मूळचे बाईंच्याच गावचे. बाईंचे वडील ज्यांच्या घरी सालगडी होते, ते हेच घर. मुलांच्या शिक्षणासाठी ते शहरात आले होते. माणूस सरळ, कोणाच्या पैशाला हात न लावणारा, पण ताठ. धोतर कडक इस्त्रीचं आणि बोलणंही तसंच.

बाईंशी ते बोलत ती एक गंमतच होती. सगळं गाव ज्यांना बाई म्हणून अदबीनं बोलवतं, त्यांना अगं म्हणायची सोय नव्हती. आणि सित्याच्या लेकीला अहो म्हणायला जीभ वळत नव्हती. म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला होता. "झालं का फिरनं?" "तब्येत बरी हाये नं?" "घरी सगळं ठीक?" वाक्य असं बेतायचं की समोर कोण उभं आहे ते त्यात येऊच नये. बाई मात्र दर वेळी, "हो जी काका, तुमची तब्येत कशी हाये?" असं पुरं वाक्य बोलत. मी दोघांच्या मध्ये उभी राहून हसू दाबत असे.

बाईंनी आपलं म्हणणं मंडळापुढं मांडलं ते कडुलिंबाखालच्या बाकांवर, थंडीतल्या सकाळी. बाजाराच्या दिशेनं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि बैलांच्या घुंगरांच्या आवाजात बाईंना जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. त्यांचं बोलणं संपलं आणि हशा पिकला. कोणी म्हणालं, "मानसाच्या पोरायले खेळाले जागा नाई, अन् कुत्र्यायले बगीचा पायजे?" बाई म्हणाल्या, "पोरायसाठी जागा मागा, मी तुमच्या संगं येतो. आज मोतीरावायचं बोलून राह्यलो नं आपन." मोतीराव साखळीनं बांधलेले, त्यांच्या पायाशी बसले होते. बरगड्या मोजता येत होत्या, मान सोललेली. हशा हळूहळू ओसरला तो बहुतेक त्यांच्याकडे पाहूनच.

सगळे पाटीलकाकांकडे पाहायला लागले. त्यांनी आधी गुलाबांकडे पाहिलं, मग मोतीरावांकडे, आणि शेवटी आमच्याबरोबर आलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बाईले सांगा. कुत्रं सोडाले हरकत नाई त्या मागच्या तुकड्यात. पन लोढनं बांधून. गळ्यात लोढनं असन तं सोडाचं, नसन तं फाटकाच्या आत पाय नाई."

खेड्यातल्या माणसाला लोढणं सांगायला नको. गळ्यात दोरीनं अडकवलेला लाकडाचा ओंडका, गुडघ्यांच्या उंचीवर लोंबणारा. जनावर चालू शकतं, पण पळायला गेलं की ओंडका पुढच्या पायांवर आदळतो. ओढाळ गुरांना बांधतात, अंगावर धावणाऱ्या कुत्र्यांना बांधतात. पळायची जागा मागायला आलेल्या कुत्र्याला पळता येऊ नये म्हणून लोढणं! मला वाटलं, बाई आता काहीतरी बोलतील, निदान साखळी ओढून चालू लागतील. त्यांनी मोतीरावांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चालन जी काका."

मला इतका राग आला की संध्याकाळी मी कुत्र्याची भीती विसरून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. "हो कशा म्हणालात तुम्ही? पाय फुटतील त्यांचे!" बाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, माह्या आज्यापनज्याच्या गळ्यात लोकायनं काय काय बांधलं होतं ते तुमाले पुस्तकात वाचून माईत असन. आमाले घरात ऐकून माईत हाये. गळ्यात काय बांधाचं हे दुसऱ्यानं ठरवलं, का ते एका दिवसात नाई सुटत. पन सुटते. आधी आत तं जाऊ द्या." आणि मेथीची जुडी माझ्यापुढं सरकवून, "हात लावा जी थोडा," म्हणाल्या. मी मेथी निवडायला बसले.

"आधी आत तं जाऊ द्या" हे वाक्य पुढं आमच्या घरात मुरलं. शाळेचा प्रवेश असो, बसमधली गर्दी असो, माझा नवरा आजही तेच म्हणतो.

लोढणं सागाचं होतं. आदिलाबादेत सागाच्या लाकडाला तोटा नाही, म्हणून सुतारानं दुकानातला एक तुकडा देऊन टाकला. सागवानी लोढणं मिरवणारे मोतीराव हे जगातले पहिलेच कुत्रे असावेत. पहिल्या दिवशी फाटक उघडलं, साखळी सुटली, ते धावले आणि लाकूड गुडघ्यांवर बसून तोंडावर आपटले. उठले, पुन्हा धावले, पुन्हा आपटले. बाई फाटकाला धरून उभ्या होत्या. मी कुंपणाबाहेर. चौथ्यापाचव्या वेळी मोतीरावांनी पळायचा नाद सोडला आणि नाक जमिनीला लावून चालत सगळ्या तुकड्याला फेरी मारली. गवत हुंगलं, माती उकरली, पाठीवर लोळले. घरी येऊन दुधातली भाकरी चाटून पुसून खाल्ली. बाई त्यांच्या गुडघ्यांना हळद लावत होत्या आणि रडत होत्या. जेवले म्हणून रडत होत्या की गुडघे सुजले म्हणून, ते मी विचारलं नाही.

दर सोमवारी पाटीलकाका फाटकाशी काठी टेकून उभे राहत आणि स्वतः तपासणी करत. लोढणं हातात घेऊन वजन पाहत, दोरीची गाठ पाहत, मग "हूं" म्हणून फाटक उघडायची खूण पोशन्नाला करत. आणि दर रविवारी बाई ते लोढणं घेऊन सुताराकडे जात. "अण्णा, टोक लागते जी त्यायले. जरासं तासून द्या." सुतार रंध्याचा एखादा हात मारून देई. कधी टोक, कधी कड, कधी "आत वाळवी लागली वाटते." एका आठवड्यात फरक कळायचाच नाही. पावसाळा आला तोवर ओंडक्याचं लाटणं झालं होतं. लाटण्याबरोबर मोतीराव दुडक्या चालीनं पळू शकत होते.

तोवर इतर कुत्रीही आपापलं लोढणं घालून यायला लागली होती. घड्याळवाल्याचा तांबडा, नर्सबाईंची जोडी, बँकेच्या मॅनेजरांची पांढरी पिंकी. बाईंनी पहिलीचा वर्गच पुन्हा भरवला. आत येताना एकेकानं यायचं. घाण झाली तर मालकानं खुरप्यानं उचलायची. खुरपं आणि राखेचा डबा त्या रोज घरून आणत. "कुत्र्यायले शिस्त असते जी," त्या म्हणत, "मालकायलेच लावा लागते." मोठमोठे अधिकारी हातात खुरपं घेऊन वाकलेले पाहायला पोशन्नाला फार आवडे. त्यानं त्या जागेचं नाव तेलुगूत 'कुक्कल बडी', म्हणजे कुत्र्यांची शाळा, असं ठेवलं आणि गावात तेच रूढ झालं. विषाची भजी पडायची ती पडतच होती, पण शाळेतली कुत्री त्यातून वाचली, कारण ती बाहेर कधी मोकळी नसतच.

सगळं सुरळीत चाललंय म्हणता म्हणता माशी शिंकली. मॅनेजरीणबाईंना पिंकीच्या गळ्यातलं लाकूड शोभत नव्हतं. एका सोमवारी तपासणी झाल्यावर त्यांनी ते हळूच काढून पर्समध्ये टाकलं. पिंकी तीरासारखी सुटली, बंद करायच्या बेतात असलेल्या फाटकातून बाहेर आली, आणि तिनं पाटीलकाकांच्या कडक इस्त्रीच्या धोतराचा सोगा धरला. पाटीलकाका एका हातानं धोतर आणि दुसऱ्या हातानं अब्रू सांभाळत कारंज्याभोवती फिरले. मंडळातली माणसं हसू आवरायला झाडाआड गेली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिंकीला उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "माफी करा जी काका. वर्ग माहा हाये, चूक माही हाये."

पाटीलकाकांनी शाळा बंद करवली ती थेट दिवाळीपर्यंत. मोतीराव पुन्हा साखळीला आले. या वेळी त्यांनी जेवण सोडलं नाही, पण रोज संध्याकाळी बगीच्याच्या वेळेला उठून दाराशी उभे राहत आणि बाईंकडे पाहत. ते मात्र मला पाहवत नसे. दिवाळीनंतर निरोप आला: उघडा, पण लोढणं पहिल्यासारखं, पुरं. मी म्हटलं, आता तरी भांडा. बाईंनी सुताराकडून नवा ओंडका आणला, जुन्याच मापाचा. तो मोतीरावांच्या गळ्यात बांधला. "पुन्हा पयलीपासून, मोतीराव," त्या म्हणाल्या. "आपल्याले काय, सवय हाये." आणि पुढच्या रविवारी पुन्हा सुताराकडे गेल्या. "अण्णा, टोक लागते जी."

अशी वर्षं गेली. माझी मुलगी शाळेत जायला लागली, रस्ते रुंद झाले, कापसाच्या गाड्यांच्या जागी ट्रक आले. मोतीरावांचं तोंड पांढरं झालं. लोढण्याचं लाटणं झालं, लाटण्याचा भोवरा झाला, भोवऱ्याचं रीळ झालं, आणि शेवटी दोरीत ओवलेला एक मणी उरला, बोराएवढा. तरी दर सोमवारी पाटीलकाका वाकून तो मणी बोटांत धरत, गाठ पाहत आणि "हूं" म्हणत. मला वाटे, म्हाताऱ्याची नजर गेली. फसवलं बाईंनी त्याला! मला याचा फार आनंद होई आणि मी तो बाईंना बोलूनही दाखवला होता. त्यांना तो आवडला नाही. "फसवलं म्हनू नका जी," एवढंच म्हणाल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला बाई आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. चंद्रपूरला दिलेली त्यांची मुलगी आली होती. शेवटी शेवटी त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "मोतीरावायले तुमी न्या." मी म्हटलं, "बाई, मला भीती वाटते त्यांची, तुम्हाला ठाऊक आहे." त्या म्हणाल्या, "म्हनूनच. भेनारं मानूस सांभाळून वागते." माझी आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते, हे आज लिहायला मला संकोच वाटत नाही.

मोतीराव चार दिवस बाईंच्या बंद दाराशी पडून राहिले. पाचव्या दिवशी, सोमवारी, बगीच्याची वेळ झाली तसे ते आपण होऊन उठले आणि आमच्या ओट्यापाशी येऊन माझ्याकडे पाहायला लागले. मी साखळीचं एक टोक त्यांच्या पट्ट्याला लावलं. हात लावायला किती वेळ लागला ते विचारू नका. मग दुसरं टोक धरून, जमेल तेवढं अंतर ठेवून, आम्ही निघालो.

फाटकाशी पाटीलकाका होतेच. खूप थकले होते, काठीवर दोन्ही हात टेकून दगडावर बसले होते. मी मोतीरावांना पुढं केलं आणि म्हटलं, "काका, लोढणं आहे. पाहून घ्या." त्यांनी हात पुढं करून मणी चिमटीत धरला. पण नेहमीचं "हूं" आलं नाही.

"बाई गेल्या, सूनबाई," ते म्हणाले. गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या वाक्यात बाई नीट आल्या होत्या, आणि त्या ऐकायला उरल्या नव्हत्या. मणी अजून त्यांच्या चिमटीतच होता. "तुमाले वाटत असन, म्हाताऱ्याले दिसत नाई. मले सगळं दिसत होतं. दर सोमवारी मीच तं पाहत होतो. पयल्या महिन्यातच समजलं होतं मले, बाई तासून आनतात म्हनून."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? त्यायनं मले कधी शब्दानं म्हटलं नाई का तुमी चुकले. हळूहळू तासत राह्यल्या. मी बी म्हटलं, तासू द्या." "सीतारामजीनं मले खांद्यावर बसवून शेत दाखवलं सूनबाई. माह्या बापाच्या वयाचा मानूस. अन् मी वरतून त्यायचे केस ओढो, अन् म्हनो, अबे सित्या, पळ."

मग ते दगडावरून खाली उतरले आणि मोतीरावांच्या पुढ्यात मातीतच बसले, कडक इस्त्रीच्या धोतरासकट. गाठ जुनी होती, पावसापाण्यानं आवळलेली. ती काही केल्या सुटेना. मी भीती गिळून म्हटलं, "मी सोडते काका." त्यांनी मान हलवली. "नाई. बांधाले मीच लावलं होतं." नखांनी, मग दातांनी त्यांनी ती गाठ सोडवली. मणी धोतराच्या कनवटीला खोचला. मी साखळी पट्ट्यासकट काढली. पोशन्नानं न सांगता फाटक उघडलं.

"जा जी मोतीराव," पाटीलकाका म्हणाले. "या फिरून."

मोतीराव दोन पावलं आत गेले आणि थांबले. त्यांनी मान खाली घातली, वर केली, डावीउजवीकडे हलवून पाहिली. गळ्यात काहीच नव्हतं. मग त्या म्हाताऱ्या कुत्र्यानं एकदा मागं, फाटकाच्या खांबाकडे पाहिलं, जिथं बाई नेहमी उभ्या राहायच्या, आणि तो पळत सुटला.